पायाखालची विद्या

सकाळीं नळाची तोटी फिरविली कीं पाणी येतें. तें यावयाचेंच, अशी आपली समजूत असते. विचार करण्याचा प्रसंग येतो तो पाणी न आलें म्हणजे. रस्ते, पूल, गटारें, आगगाडीचे मार्ग ह्या सर्वांची गोष्ट अशीच आहे. रोगी आपल्या वैद्याला ओळखतो, पक्षकार आपल्या वकिलाला ओळखतो. परंतु ज्या इंजिनियरानें बांधलेल्या तलावाचें पाणी एखादें शहर दोन-तीन पिढ्या पितें, त्याचें नांव त्या शहरांत शंभरांत एकालाहि ठाऊक नसतें. सिव्हिल इंजिनियरिंग किंवा स्थापत्यशास्त्र ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या विद्येविषयीं, आणि विशेषतः तिच्या शिक्षणाविषयीं, आज श्रोत्यांपुढें चार शब्द बोलावयाचे आहेत.

विषय घरगुतीच आहे. दरवर्षीं उन्हाळ्याच्या अखेरीस परीक्षांचे निकाल लागले म्हणजे घराघरांतून एकच खल चालतो : मुलाला कोणत्या शाखेकडे घालावें, मुलीला कोणत्या? गुण उत्तम असले तर संगणकाची शाखा. ती न मिळाली तर तिच्या शेजारची. आणि सगळीं दारें बंद झालीं म्हणजे “नाहीं तर सिव्हिल आहेच” हें वाक्य दिवाणखान्यांत उच्चारलें जातें. मीं हा विषय बरींच वर्षें शिकविला असल्यामुळें त्या “नाहीं तर”चा मला थोडा राग येतो, हें लपवीत नाहीं. परंतु राग बाजूस ठेवला तरी त्यामागची समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. ती अशी कीं, विटा, वाळू, सिमेंट आणि लोखंड ह्यांत शिकण्यासारखें आतां काय उरलें? पूल कसा बांधावा हें जगाला ठाऊक झालेलें आहे. हुशार मुलानें आपली बुद्धि तेथें कशाला खर्चावी?

वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. यंत्रें घडविणारा इंजिनियर आपला माल पारखून घेतो. पोलाद कोणत्या प्रतीचें हवें तें ठरवितो आणि तसलेंच मागवितो. स्थापत्याच्या इंजिनियराला त्याचा सर्वांत महत्त्वाचा माल, म्हणजे जमीन, फारशी निवडतां येत नाहीं. रस्ता जेथें नदी ओलांडतो तेथेंच पूल व्हावयाचा. मग खालीं कातळ लागो, गाळ लागो कीं वाळू लागो. बरें, ती जमीन डोळ्यांना दिसतहि नाहीं. पांचपंचवीस ठिकाणीं भोंकें पाडून वर आलेल्या नमुन्यांवरून मधल्या सगळ्या भूमीचा अंदाज बांधावा लागतो. नदीचें तर त्याहून अवघड. शंभर वर्षांतून एखादे वेळीं येणारा पूर केवढा असेल, ह्याचा निर्णय चाळीस-पन्नास वर्षांच्या नोंदींवरून करावयाचा. आणि तो बरोबर होता कीं चूक हें ठरेपर्यंत निर्णय करणारा बहुधा ह्या जगांत नसावयाचा. जें पाहिलेलें नाहीं त्याविषयीं, पुरतें ज्ञान हातीं नसतांना, तरीहि जबाबदारीनें निर्णय करणें हा ह्या विद्येचा गाभा आहे. गणित तिला हवें, भरपूर हवें. पण तें तिच्या हातांतलें हत्यार आहे.

आपल्या दख्खनची काळी माती घ्या. शेतकऱ्याची ती लक्ष्मी, परंतु घर बांधणाराची वैरीण. उन्हाळ्यांत तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यांत पाणी पिऊन ती फुगते. अशा मातींत उथळ पाया घातला तर घर दरवर्षीं किंचित् उचललें जातें आणि किंचित् खालीं बसतें. तेंहि सगळें सारखें नाहीं, एक कोपरा अधिक, दुसरा कमी. मग खिडकीच्या कोनापासून तिरपी चीर निघते. गिलावा करून ती बुजविली तरी पुढच्या वर्षीं ती पुन्हां हजर! जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय पाया भरीत नसत, त्याचें मर्म हेंच. काळी माती फार खोल असेल तेथें एवढें खोदणें परवडत नाहीं; म्हणून रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें तळाशीं कांद्यासारखे फुगीर असे कांक्रीटचे खांब जमिनींत ओतण्याची युक्ति रूढ केली. तो फुगीर भाग भेगा पडणाऱ्या थराच्या खालीं, स्थिर जमिनींत रुतून बसतो आणि वरची माती फुगली तरी खांबाला उपटूं देत नाहीं. ही युक्ति इतर देशांच्या ग्रंथांतून जशीच्या तशी उचलून चाललें नसतें. येथल्या मातीचा अभ्यास येथेंच करावा लागला.

दुसरें उदाहरण आपल्या डोक्यावरच्या छताचें. कांक्रीट ओतण्याच्या दिवशीं मजुराची इच्छा असते कीं मिश्रण पातळ असावें, म्हणजे तें पाटींतून भराभर पडतें आणि सळ्यांमध्यें सहज शिरतें. त्यासाठीं पाण्याची एक बादली अधिक ओतली तर त्या दिवशीं कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं. परंतु सिमेंटला रासायनिक क्रियेसाठीं लागतें त्याहून अधिक पाणी पुढें उडून जातें आणि आपल्या जागीं सूक्ष्म छिद्रें ठेवून जातें. त्या छिद्रांतून हवा व ओल आंत शिरते, सळी गंजते, गंजलेलें लोखंड अधिक जागा मागतें आणि वरचा थर फोडून टाकतें. मुंबईच्या खाऱ्या हवेंत जुन्या इमारतींच्या छताचे पोपडे पडतात त्यांतील पुष्कळांचा इतिहास एवढाच आहे. म्हणून विद्यार्थ्याला १५ सेंटिमीटर बाजूचे घन ओतावयास लावतात, ते पाण्यांत ठेवून २८ दिवसांनीं यंत्रांत दाबून फोडावयास लावतात. पुष्कळांना हा प्रयोग कंटाळवाणा वाटतो. पण एका बादलीच्या पाण्यानें घनाची ताकद किती उतरते हें ज्यानें एकदां आपल्या हातानें पाहिलें, तो पुढें कामावर त्या बादलीला हात लावूं देत नाहीं.

ह्या विद्येचें शिक्षण आपल्या देशांत कामाच्या निकडीनें सुरू झालें. गंगेच्या मोठ्या कालव्याचें काम चालू असतां त्यावर शिकलेलीं माणसें हवींत म्हणून १८४७ सालीं रूरकीस शाळा निघाली. तो कालवा १८५४ सालीं वाहूं लागला. रूरकीजवळ सोलानी नदी आडवी येते. तिच्यावरून हा कालवा कमानींच्या जलसेतूनें पार नेला आहे. खालीं नदी आणि वर दुसरी नदीच, असा हा देखावा आहे. त्याच १८५४ सालीं पुण्यांत इंजिनियरिंगचा वर्ग उघडला. त्याचा हेतु फारसा उदात्त नव्हता. इमारती, धरणें, कालवे, आगगाडीचे मार्ग व पूल ह्यांच्या कामांवर सरकारला हाताखालचीं माणसें पाहिजे होतीं; साहेबानें आंखावें आणि ह्यांनीं तें करवून घ्यावें, एवढीच अपेक्षा. त्या वर्गाचें पुढें कॉलेज झालें, तें मुंबई विद्यापीठाशीं जोडलें गेलें, १९११ सालीं त्याला कॉलेज ऑफ इंजिनियरिंग हें नांव मिळालें आणि २०२२ सालीं तें स्वतःच विद्यापीठ झालें. हाताखालचीं माणसें तयार करण्यासाठीं काढलेल्या ह्या संस्थेंतून तीस वर्षांच्या आंत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बाहेर पडावे, ही गोष्ट ती काढणाऱ्यांच्या हिशेबांत खास नसावी.

त्या वेळच्या विद्यार्थ्यांपुढें एक मोठा ग्रंथ जवळच उघडा पडला होता, तो बोरघाटाचा. १८५६ ते १८६३ ह्या अवधींत मुंबई-पुण्याची आगगाडी सह्याद्रीवर चढविली गेली. सुमारें १६ मैलांत १,८०० फुटांहून अधिक चढ, कोठें कोठें ३७ फुटांस १ फूट, पंचवीस बोगदे. कड्यावर पाय ठेवावयास जागा नाहीं तेथें मजूर दोरानें लोंबकळत सुरुंगाचीं भोंकें पाडीत. ऐन हंगामांत चाळीस हजारांवर माणसें राबत होतीं आणि पटकीनें व तापानें त्यांतलीं पुष्कळ दगावलीं. कामाचा एक मक्तेदार, सॉलोमन ट्रेडवेल, १८५९ सालीं येथें आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याच्या विधवेनें, ॲलिस ट्रेडवेल हिनें, दोन जाणते इंजिनियर हाताशीं धरून तो मक्ता पुरा करून दिला. असल्या कामांत बायकांचें काय काम, असें विचारणाऱ्यांना मी हें नांव सांगत असतों. मार्ग सुरू होऊन चार वर्षें होतात न होतात तोंच, १८६७ च्या पावसाळ्यांत, घाटांतला एक मोठा दगडी पूल कोसळला. बाहेरून घडीव दगडाची देखणी भिंत आणि आंत हलका भरणा, हा चिरेबंदी कामांतला जुना दोष आहे. तो नकाशांत दिसत नाहीं, हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं, आणि उद्घाटनाच्या दिवशीं तर मुळींच दिसत नाहीं.

परंतु ह्या विद्येचें मोठेपण आणि तिची जोखीम हीं दोन्ही ज्याला एका ठिकाणीं पाहावयाचीं असतील, त्यानें मुठेचें खोरें पाहावें. पुण्याच्या वर, नदीच्या वाटेंत, खडकवासल्याचें दगडी धरण कर्नल फाइफ ह्यांच्या योजनेवरून बांधलें गेलें. तें १८७९ च्या सुमारास पुरें झालें. पुण्याला पाणी आणि आसपासच्या दुष्काळी मुलुखाला कालवा, असा दुहेरी लाभ त्यापासून झाला. मागणी वाढली तसें पाणी अपुरें पडूं लागलें. आणि इकडे दर पावसाळ्यांत जादा पाणी सांडव्यावरून वाहून जात होतें. भिंत उंच करावी तर खर्च मोठा आणि जुन्या बांधकामावर भार मोठा. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति घेऊन पुण्यास शिकलेले आणि १८८३ सालीं परीक्षेंत पहिले आलेले विश्वेश्वरय्या तेव्हां मुंबई इलाख्याच्या नोकरींत होते. त्यांनीं सांडव्यावर बसविण्यासाठीं आपोआप चालणारे दरवाजे योजले व १९०३ सालीं ते तेथें बसले. तळ्याची पातळी ठराविक उंचीपर्यंत असे तोंवर दरवाजे मिटलेले राहात, म्हणून सुमारें आठ फूट पाणी अधिक सांठे. पूर येऊन पातळी चढली कीं ते आपले आपण उघडत, आणि पूर ओसरला कीं मिटत. रात्रीं-अपरात्रीं माणसानें धांवत जाऊन चाक फिरवावें, ही गरजच त्यांनीं उरूं दिली नाहीं. ह्या कल्पनेंत जें गणित आहे तें आजचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीहि करूं शकेल. पहारेकऱ्याला झोप लागेल, पावसांत वाट बंद होईल, निरोप पोहोंचणार नाहीं, हें आधीं गृहीत धरण्याची जी दृष्टि, ती मात्र दुर्मिळ आहे.

आतां त्याच खोऱ्याची दुसरी कथा. खडकवासल्याच्या वरच्या अंगास अंबी नदीवर पानशेतचें मातीचें धरण बांधावयास घेतलें होतें. मूळ बेतापेक्षां एक वर्ष आधीं, १९६१ च्या पावसाळ्यांतच त्यांत पाणी सांठवावें अशी घाई झाली. पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचें काम त्या वेळीं अपुरें होतें. मातीच्या धरणांत मोरी ही फार नाजूक जागा. माती आणि कांक्रीट ह्यांच्या सांध्यांतून पाणी वाट शोधीत असतें. प्रत्येक मातीचें धरण थोडें पाझरतें. तो पाझर निर्मळ असला तर भय नाहीं. तो गढूळ झाला म्हणजे समजावें कीं पाणी एकटें येत नाहीं, धरणाची माती कण कण करून बरोबर आणीत आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत पाऊस कोसळत असतां मोरीवरचा भराव खचूं लागला. लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून पाण्याला थोपविलें; म्हणून धरण फुटलें तें दिवसाउजेडीं, १२ जुलै रोजीं सकाळीं. तो लोंढा खडकवासल्याच्या तळ्यांत येऊन पडला आणि ऐंशी वर्षें उभी राहिलेली ती दगडी भिंतहि फुटली. त्या दिवशीं नदीकांठच्या पेठांची काय दशा झाली हें सांगणारीं माणसें पुण्यांत अजून आहेत. शहराला पाणी देणारें धरणच गेल्यामुळें पुराच्या मागोमाग पिण्याच्या पाण्याचे हाल सुरू झाले. विश्वेश्वरय्या त्या दिवशीं हयात होते. त्यांचें वय शंभरीला टेकलें होतें.

पानशेतची चौकशी झाली, धरण पुन्हां बांधलें गेलें, खडकवासलाहि दुरुस्त झालें. मला येथें दोष कोणाचा हें उगाळावयाचें नाहीं. शिक्षक म्हणून माझ्यापुढें प्रश्न निराळा आहे. अशा वेळीं कामावरच्या कोणा तरी इंजिनियरानें “अजून नाहीं” असें म्हणावयाचें असतें. तारीख ठरलेली असते, वरून विचारणा चाललेली असते, पाऊस तोंडावर आलेला असतो, आणि नकार देणाराजवळ पुरावा म्हणून काय असतें, तर मातीचे नमुने, मोजमापांची वही आणि स्वतःचें शास्त्र. त्या शास्त्रावर त्याची जितकी पक्की पकड असेल तितकेंच त्याच्या नकाराला वजन येणार. “नाहीं तर सिव्हिल आहेच” म्हणून जो ह्या विद्येकडे ढकलला गेला आणि चार वर्षें कसाबसा पार पडला, त्याच्या तोंडून तो नकार निघेल काय? मला शंका आहे.

घाईची ही गोष्ट झाली. विसराची गोष्ट निराळी आणि ती अधिक नेहमींची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीला मोठा पूर आला असतां मुंबई-गोवा रस्त्यावरचा जुना दगडी पूल वाहून गेला. तो १९२८ सालचा. त्या अंधारांत एस. टी. च्या दोन गाड्या आणि इतर वाहनें नदींत गेलीं. पुढच्या पावसाळ्याच्या आंत तेथें नवा पूल उभा राहिला, ह्याचें कौतुक झालें आणि तें योग्यच होतें. पण जुन्या पुलांवर लक्ष कसें ठेवावें, हा प्रश्न नव्या पुलानें सुटत नाहीं.

तो प्रश्न किती बिकट आहे तें पहा. पुराच्या वेळीं नदी पुलाच्या पायांभोवतीं भोंवरे करते आणि तळची वाळू उपसून नेते. पायाशीं खोल खड्डा पडतो. पूर ओसरूं लागला म्हणजे पाण्याचा वेग मंदावतो आणि वरून आलेली वाळू त्याच खड्ड्यांत भरते. उन्हाळ्यांत इंजिनियर पाहणीस जातो तेव्हां पात्र सपाट, पाया झांकलेला, सगळें ठीक! ज्या रात्रीं पाया उघडा पडला होता त्या रात्रीं पाहावयास कोणी नव्हतें, आणि नदीनें तर आपल्या हातानें खूण बुजविली. म्हणून नुसत्या डोळ्यांची पाहणी पुरत नाहीं. पूर चालू असतांना खोली मोजणारीं साधनें लागतात, पात्राच्या जुन्या मापांशीं नवीं मापें ताडून पाहावीं लागतात. नद्यांच्या ह्या स्वभावाचा अभ्यास खडकवासल्याच्याच पायथ्याशीं चालतो. मुंबई इलाख्यानें १९१६ सालीं पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठीं एक लहानसें पथक नेमलें होतें. त्याचें रूपांतर होत होत आजचें केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झालें आहे. तेथें नद्यांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृति करून त्यांत पाणी सोडतात आणि खरी नदी पंचवीस वर्षांनीं काय करील तें आज पाहण्याचा प्रयत्न करतात. मुलांना दाखविण्यासारखें तें स्थळ आहे.

आपल्या देशांत आज पांच हजारांहून अधिक मोठीं धरणें आहेत; त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला. त्यांपैकीं दोनशेंहून अधिक धरणांनीं शंभरी ओलांडलेली आहे. २०२१ सालीं धरणांच्या सुरक्षिततेसाठीं कायदा झाला. त्याप्रमाणें पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक मोठ्या धरणाची तपासणी झाली पाहिजे. कायदा चांगला आहे. परंतु तपासावयास माणूस पाहिजे, आणि तपासावें कसें हें त्याला कोणीं तरी शिकविलेलें पाहिजे. आमचा अभ्यासक्रम पाहिला तर त्यांत नवें कसें बांधावें ह्याला दहा वाटे आणि जुनें कसें सांभाळावें ह्याला एखादा वाटा, असें प्रमाण आढळेल. एके काळीं तें स्वाभाविक होतें. देशांत कांहीं नव्हतेंच, सगळें उभारावयाचें होतें. कोंकणची रेल्वे १९९८ सालीं पुरी होईपर्यंत सलग सपाट रस्ता मिळूं नये अशा मुलुखांत आपल्या इंजिनियरांनीं सातशें साठ किलोमीटरचा मार्ग नेला. तें काम कोणत्याहि देशाला भूषण होईल. पण आज जन्मलेलें मूल ज्या पुलांवरून शाळेला जाईल त्यांतले बहुतेक पूल आधींच बांधलेले आहेत. त्यांचें आयुष्य किती उरलें हें सांगूं शकणारा वैद्य आपल्याला पाहिजे आहे, आणि वैद्याची बुद्धि गवंड्याच्या बुद्धीपेक्षां कमी असून चालत नाहीं.

गवंड्याचा विषय निघाला म्हणून एक आडगोष्ट सांगतों. आमच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी ग्रंथांतील शब्द मुखोद्गत असतात. पण ओळंबा, गुण्या, पाणसळ, थापी हे शब्द कित्येकांना कामावर गेल्यानंतर प्रथम ऐकूं येतात. मुकादम म्हणतो, “साहेब, भिंत ओळंब्यांत नाहीं,” आणि साहेब त्याच्या तोंडाकडे पाहतात. मातीकामांत पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेल्या वडाराला मूठभर ओली माती दाबून जें कळतें तें प्रयोगशाळेंतल्या आंकड्यांशीं जुळवून पाहावें, असें कितीजणांना सुचतें? पूर्वीं जमीन-मोजणीच्या शिबिरासाठीं मुलांना आठ-पंधरा दिवस रानांत नेत. साखळी ओढून, दुर्बिणींतून पट्टी वाचून, पायांना फोड येईपर्यंत चालून ती टेकडी कागदावर उतरवावी लागे. आतां उपग्रहाच्या साहाय्यानें तें काम घटकाभरांत होतें, आणि तें व्हावेंच. मात्र त्यामुळें शिबिरच दोन दिवसांवर आणणें हें मला पटत नाहीं. चढ किती आहे हें यंत्र सांगेल; पावसांत पाणी कोणत्या बाजूनें उतरत असेल हें त्या उतारावर उभें राहिल्याशिवाय कळत नाहीं.

मुलींच्या आईबापांशीं दोन शब्द. “उन्हांत, धुळींत, मजुरांमध्यें आमची मुलगी कशी उभी राहील?” हा प्रश्न मला अनेकदां विचारला गेला आहे. पी. के. त्रेसिया ह्यांनीं १९४४ सालीं मद्रासजवळच्या गिंडी येथील कॉलेजांत स्थापत्याची पदवी घेतली आणि १९७१ सालीं त्या केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य इंजिनियर झाल्या. त्या पदावर चढलेल्या त्या आपल्या देशांतील पहिल्या स्त्री. त्यांच्या काळीं ऊन आजच्याहून सौम्य होतें असें मीं ऐकलेलें नाहीं. कामाच्या ठिकाणीं मुलींसाठीं साध्या सोयी नसतात ही तक्रार मात्र खरी आहे, आणि ती सोय करून देणें हें काम करविणाऱ्यांचें कर्तव्य आहे; तिच्यापायीं मुलीनें विद्याच सोडावी हा उपाय नव्हे.

शेवटीं परीक्षेसंबंधीं. मातीच्या धरणाच्या पायथ्याशीं पाझराचें पाणी एका चरांत गोळा करतात आणि इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खांचेवरून जाऊं देतात. खांचेंतल्या पाण्याची उंची मोजली कीं मिनिटाला किती लिटर पाणी पाझरतें तें सूत्रावरून निघतें; कामावरच्या कनिष्ठ इंजिनियरानें तो आंकडा नेमानें वहींत लिहावयाचा असतो. तोंडी परीक्षेंत मी एक प्रश्न ठरवून विचारीत असें : “तळ्याची पातळी कालच्याएवढीच आहे, पाऊस नाहीं, आणि आज हा आंकडा दीडपट झाला आहे, तूं प्रथम काय करशील?” पुष्कळ विद्यार्थी सूत्र सांगूं लागत. कांहीं म्हणत, वरिष्ठांस पत्र लिहूं. एका वर्षीं एका मुलीनें क्षणभर विचार करून उत्तर दिलें, “सर, आधीं तें पाणी पेल्यांत घेऊन उजेडांत धरीन, गढूळ आहे का तें पाहीन.” तिला मीं पुढें कांहीं विचारलें नाहीं.